पूर आल्यास

तीन नंबरचा फ्लॅट. तळमजला. अडतीस लाख.
वरच्या मजल्याचे बावन्न सांगतात.
मधले चौदा लाख म्हणजे नदी,
एजंट कोष्टी हसून म्हणाला
आणि बूट न काढता आत शिरला.

इमारत सन अडतीसची, जिन्यावर कोरलंय.
महायुद्ध अजून व्हायचं होतं,
सांगली अजून संस्थानात होती,
तेव्हा अकरा कारकुनांनी पगारातून काढून काढून
हे उभं केलं. दीड फुटी भिंती.
कमानीत रंगीत काचा, त्यांतल्या दोन नंतरच्या,
निळा जुळलेला नाही.

समोरचं हळदीचं गोदाम आता जिम झालंय.
दर उन्हाळ्यात चुना मारतात,
दर पावसाळ्यात भिंत पुन्हा पिवळी.
पोरं घामेजून बाहेर येतात,
लग्नाआधीच हळद लागलेली.

कमिटी रविवारी बसली, जिन्याखाली,
कॅरमच्या टेबलाभोवती.
"मेहजबीन दस्तगीर शिकलगार,"
सेक्रेटरी मगदूम सरांनी वाचलं.
मग पुन्हा वाचलं, हळू.
एकट्याच?
एकटीच.
नोकरी?
मिरजेत. रक्त तपासते.
वडील?
तंबोरे करायचे.
कुणीतरी अरे वा म्हणालं, हवा जरा सैल झाली.
तंबोरा सगळ्यांना आवडतो.
तंबोरेवाल्याच्या पोरीला घर देताना
स्वर थोडा उतरतो, इतकंच.

नऊ नंबरच्या उपाध्येकाकू काहीच बोलल्या नाहीत.
मांडीवरच्या शेवग्याच्या शेंगा मोडत राहिल्या.

"बिल्डर येऊन गेलाय. बारा मजले म्हणतो.
पाच त्याच्या बाजूचे, पाच विरुद्ध.
तुमचं मत?"
म्हटलं, आधी चहा तरी द्या.
काही जण हसले.
कुठल्या बाजूचे, ते मोजलं नाही.

मग शेअर सर्टिफिकेट निघालं.
पाच शेअर, प्रत्येकी पन्नास,
एकूण रुपये दोनशे पन्नास फक्त.
अडतीस लाखांची पिशवी मांडीवर घेऊन
मी ते 'फक्त' बघत बसले.
मागे नावं एकाखाली एक:
गोडबोले, शहा, आरवाडे, पुन्हा आरवाडे,
आणि मधोमध पाण्याची तपकिरी रेघ;
नदी कपाटातही जाऊन आलेली.
शेवटच्या ओळीत जागा थोडी, माझं नाव लांब.
सरांनी अक्षर बारीक केलं,
पण काही गाळलं नाही.

नंतर दुसरी वही. जाड, निळी.
हिच्याबद्दल कोष्टी बोलला नव्हता.
रकाने तीन: फ्लॅट, नाव, पूर आल्यास.
एक नंबर, सातमध्ये. दोन नंबर, आठमध्ये.
तीनसमोर दोन हजार पाच, एकोणीस, एकवीस,
वेगळ्या शाया, आकडा एकच: नऊ.
सरांनी पेन उघडं धरलं
आणि काकूंकडे बघितलं.
शेंगांचा आवाज थांबला.

"सिलिंडर आधी वर आणायचा," काकू म्हणाल्या,
"गादी नंतर. गादी वाळते.
आणि आमच्यात कांदा-लसूण चालत नाही. तेवढे दिवस..."
तेवढे दिवस डाळभात, मी म्हटलं.
"किती दिवस ते नदीला विचार," त्या म्हणाल्या,
आणि पुढची शेंग घेतली.
विचार, म्हणाल्या. विचारा नाही.

आज वायरमन आलाय.
खडू धरून उभा: स्विचबोर्ड कुठे?
जुन्या मालकाने रंग काढलाय, पण उन्हं तिरपी आली
की तिन्ही रेघा दिसतात,
एक कमरेला, एक छातीला,
एक माझ्या डोक्यावर वीतभर.
टाचा उंचावते. हात पुरत नाही.
अब्बांचा एक न तासलेला भोपळा
स्टुलावर ठेवलाय, कडीला टांगायचा म्हणून;
तो उचलून खिडकीत ठेवते
आणि स्टुलावर चढते.

इथे.

"बाई, रोज दिवा लावायला स्टूल घेणार?"

घेईन.