पोझांतीपर्यंत रस्ता एकच

संत्र्यांचा फुलोरा परवाच संपला.
गुरुवारी बागवान औषध फवारणार,
त्याआधी एकशे चाळीस पेट्या उचलायच्या आहेत
आणि दुरसून अजून फोनवरच.

फोनवर सगळे मधवाले रडतात.
तेकिरदाचा इझ्झेत म्हणतो, सूर्यफुलं यंदा कोरडी,
नव्या बियाण्यात रसच नाही, उगाच येऊ नकोस.
म्हणजे रस आहे.
झाराचा याकूप म्हणतो, ये की,
डोंगर जांभळा झालाय रानओव्यानं.
म्हणजे गारा पडल्या असणार,
किंवा अस्वलाच्या राखणीला त्याला माणूस हवाय.
तीस वर्षं ऐकतेय मी हे.
खरं बोलतो तो एकच, पंपावरचा डिझेलचा आकडा.

माझ्या सासूची तीन मुलं पाळण्यात गेली.
चौथ्याचं नाव तिनं दुरसून ठेवलं:
राहू दे, हा एवढा तरी थांबू दे.
तो जगला.
पण पायाला अशी भिंगरी
की लग्नापासून मी त्याला एका जागी
सलग तीन महिने पाहिलेला नाही.
सासू म्हणायची, देवानं अर्धंच ऐकलं.

अंधार पडला की दारांवर जाळ्या ठोकायच्या.
सगळ्या घरी आल्याशिवाय घर हलवता येत नाही,
आणि काही जणी वेळेवर येतच नाहीत.
पेटी उचलली की गवतावर पिवळा चौकोन उरतो,
त्याच्यावर मूठभर माश्या
घिरट्या घालत राहतात.
पूर्वी मी मागं वळून बघायचे.

ट्रकवाला शाबान, मिसरूड नुकतंच फुटलेलं,
इंजिन चालू करून विचारतो, काका, गाडी कुठं घालू?
दुरसून दोरी आवळतो, गाठ पुन्हा सोडतो,
पुन्हा आवळतो.
"तू चल तर. पोझांतीपर्यंत रस्ता एकच."

पहिल्या बोगद्याआधीच तो झोपला,
तोंड उघडं, फोन मांडीवर.
मागं एकशे चाळीस पेट्यांची गुणगुण,
घाट चढताना जरा वरच्या पट्टीत.
ट्रक थांबवून चालत नाही.
वारा थांबला तर माश्या आपल्याच उबेनं शिजतात.
म्हणून जे काय ठरवायचं ते चालत्या गाडीत.
आमचं आयुष्यच तसं ठरलं.

पोझांतीच्या दिव्यांपाशी शाबाननं वेग कमी केला.
"काकू, डावीकडं कोन्या, समोर कायसेरी.
डावीकडं सूर्यफुलं, समोर अस्वल. बोला."
दुरसूनला उठवावं असं एकदा वाटलं.
तो उठला असता तर आणखी दोघांना फोन लावले असते.

उद्या कुणी विचारलं तर सांगेन,
मी पावसाचा अंदाज घेतला, चंद्र बघितला.
खरं म्हणजे मला फक्त ते पातेलं आठवलं.
गेल्या वर्षी झाराला तापानं फणफणले होते
तेव्हा द्योन्दूनं सूप दिलं होतं त्यात,
ॲल्युमिनियमचं, एक कान तुटलेलं.
द्यायचं राहून गेलं.
मुलाला हिंडलं माझ्याबरोबर, हिवाळ्यात ओर्दूला आलं,
मी त्यात कांदे ठेवले.
रिकामं भांडं कुणी परत करत नाही.
आता त्यात संत्र्याचा मध आहे,
वर फडकं बांधलंय,
आणि अदानापासून ते माझ्या दोन पावलांमध्ये बसलंय.

"सरळ," मी म्हटलं.

उजाडताना दुरसून जागा झाला.
खिडकीबाहेर उघडा डोंगर, झाड नाही,
दूर एक मेंढपाळ, त्याचा कुत्रा ट्रकमागं धावतोय.
तो बराच वेळ बघत राहिला.
"इकडं का?"
"याकूप म्हणाला ना, डोंगर जांभळा झालाय."
"याकूप खोटारडा आहे."
"आहेच," मी म्हटलं,
आणि पावलं आणखी जवळ घेतली,
वळणावर मध सांडू नये म्हणून.