चौथा मजला

सोळा वर्षं तो तिथेच उभा आहे,
आमच्या बुरुजाच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मधोमध,
शिडीवर, एक हात वर, तलवार दातांत.
पहिला भाग तिथेच संपला.
पडदा काळा झाला, नावं वर सरकू लागली,
आणि मी, सतराचा,
पुढ्यातलं ताट कुणी काढून न्यावं
तसा बघत राहिलो.

आता मी स्वानेतीतल्या चार गावांचा वायरमन.
बर्फात खांबावर चढतो.
बायको म्हणते, तुझ्या आधी तुझे गुडघे घरात येतात, कुरकुरत.
तो मात्र अजून चोवीसचा.
शिडीवर.

येत्या शुक्रवारी दुसरा भाग येतोय.
दोनदा पुढे ढकलला,
आमच्या घाटरस्त्यासारखं, काम चालू आहे म्हणे.
ट्रेलरमध्ये आमचं गाव दिसलं.
बुरूज हुबेहूब, माथ्यावरचा निसटलेला दगडसुद्धा,
पायथ्याशी आमच्यासारखंच एक चिडकं डुक्कर.
फक्त खिडकी त्यांनी दक्षिणेला काढली.
वडील उखडले:
"दक्षिणेला खिडकी? तिकडे तर ते राहायचे!"

ते म्हणजे समोरच्या बुरुजातले.
पणजोबांच्या काळातलं वैर.
दोन्हीकडची मिळून बारा माणसं.
मग देवाच्या तसबिरीसमोर शपथ झाली,
बैल दिले, उताराचं शेत दिलं, वैर मिटलं.
मिटलं म्हणजे, लग्नाला बोलावतात,
जातोही आम्ही,
फक्त पहिला घास दुसरं कुणी खाईपर्यंत
ताटाशी चाळा करत बसतो.

त्यांचा सोर्तमान बारा वर्षांचा.
वरच्या आळीत गेमचं यंत्र एकच, आमच्याकडे.
रोज संध्याकाळी बूट दारात काढतो,
माझ्या पुतण्याला, जोकियाला, खेटून बसतो
आणि दोघं मिळून डाउनलोडचे टक्के मोजतात
कोंबडी उबवणीला बसवल्यासारखे.
चार दिवस झाले. एकसष्ट.

काल मला विचारतो,
"काका, चौथ्या मजल्यावर कोण आहे?"
ट्रेलरमध्ये फक्त सावली आहे, हातात कुऱ्हाड.
कुऱ्हाड कोणाकडची ते गावात
शेंबडं पोरही जाणतं.
मी म्हटलं, "काय माहीत."
"आमच्यातला असेल तर मी कोण व्हायचं?"
वडिलांचा चहा बशीत थांबला.
जोकियानं पडद्यावरून डोळे न काढता सांगितलं,
"आळीपाळीनं घेऊ. मेलास की माझा डाव."

ट्रान्सफॉर्मर माझ्याहून म्हातारा.
सगळी गल्ली एकदम जागी राहिली तर तो बसणार,
म्हणून मी दारोदार फिरतोय:
शुक्रवारी रात्री हीटर बंद ठेवा,
पोरांचं काम आहे.
कुणी हसलं, कुणी "बघू" म्हणालं.

शेवटी समोरच्या दारात गेलो.
या उंबऱ्याला आमच्याकडचं कुणी
कामाशिवाय आलेलं नाही.
मी तरी काय, कामालाच आलो होतो.
त्सियालानं ऐकून घेतलं, हात पदराला पुसत.
म्हणाली, "चूल आहे की. मला कशाला हवा हीटर."
मी वळलो तर मागून विचारते,
"तो शिडीवरचा मुलगा, अजून तिथेच?"
"हो."
"इतक्या थंडीत?
मग वरच्याला म्हणावं,
दार उघड आधी.
भांडण काय, आत बसूनही होतं."