जे आधी येईल ते

पुस्तिकेत लिहिलंय: पट्टा बदला
इतक्या हजार किलोमीटरला, किंवा चार वर्षांनी,
जे आधी येईल ते.
आमच्याकडे नेहमी वर्षंच आधी येतात.
चार वर्षांत गाडी चारशे किलोमीटर चालली,
त्यातले साठ तर आरटीओच्या चकरा.

"मग चाललीच नाही तर झिजेल काय?"
कुंदा विचारते, कूलरच्या टाकीत पाइप सोडता सोडता.
रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं, मी म्हणतो.
ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघते
आणि नळ बंद करायला जाते.

एकतीस वर्षं कोराडीत टर्बाइनवर काढली.
रोटर उचलायचा तर क्रेन, सोळा माणसं
आणि शिटी वाजवणारे खोब्रागडे फोरमन.
इथं बेसाला, पत्र्याच्या शेडमध्ये,
मी, एक टेबलफॅन
आणि ही तांबडी इटालियन,
माझ्या नोकरीहून तीन वर्षांनी थोरली,
काटोल रोडच्या बिल्डरकडच्या लिलावात
कोणी हात वर करेना म्हणून मिळालेली.
पीएफ गेला. कंबरेएवढीही नाही उंची.
आत बसायचं तर आधी गुडघ्यांची परवानगी.

इंजिन पुढे नाही, पाठीला लागून, आडवं.
मागच्या उजव्या चाकाच्या कोनाड्यातून हात घालायचा.
दिसत काही नाही. बोटांनीच वाचायचं:
हा नट, हा पाइप, हा आधीच्या कुणीतरी
वाकडा पिळून गोंदाने झाकलेला आटा.
कोण होता? मुंबईचा, दुबईचा?
कुणी का असेना, घाईत होता.
तीन दिवस त्याला शिव्या घालण्यात गेले.

ताण धरणारं बेअरिंग तिकडून अकरा हजारांना.
कडेवरचा नंबर पुसला, भिंगाने वाचला.
इतवारीत मखिजाकडे तोच नंबर, चारशे साठ, बिलासकट.
"कोणत्या पंपाला लावता जी?"
आहे एक, म्हटलं.

कॅम अडकवून ठेवायचं हत्यार तर कुठेच नाही.
मोमिनपुऱ्यात रफतमिस्त्रीने लेथवर काढून दिलं,
एक डोळा माझ्या फोटोवर, एक लोखंडावर.
पैसे घेतले नाहीत. म्हणाला,
सुरू झाली की आवाज ऐकवायले आणा.
आणायची कशी, ते कोणीच बोललं नाही.
त्याच्या गल्लीच्या तोंडाशी असा गतिरोधक आहे
की त्यावर बकऱ्या चढून बसतात.

मे. सत्तेचाळीस. दुपारी पाना उचलला
तर त्याचा नंबर तळहातावर उमटेल.
म्हणून काम पहाटे तीन ते सहा.

जुना पट्टा निघाला.
वाटलं होतं भेगा असतील, दात गेलेले असतील.
उलटा वाकवून पाहिला, टॉर्च मारून पाहिला.
काहीच नव्हतं. नवा म्हणून खपला असता.
आता कापून, घडी करून
कूलरच्या थरथरणाऱ्या पायाखाली आहे.

नवा चढवला, खडूच्या रेघेवर रेघ.
पण चावी नाही फिरवायची.
आधी हाताने, दोन पूर्ण फेरे, सावकाश,
कारण एक दात जरी चुकला
तर झडप जाऊन पिस्टनवर आपटते
आणि मग उरलेलं आयुष्य सुटे भाग शोधा.
टॉर्च कुंदाकडे. गाऊनवर माझा कोराडीचा शर्ट.

पहिल्याच फेऱ्यात अडलं.
मी हात सैल सोडला.
"जोर लावा ना."
नाही. अडलेल्याला आधी विचारायचं.
बसून राहिलो. बाहेर रिंगरोडला एक ट्रक गेला.
मग मोजलं: ट्रेमध्ये स्पार्क प्लग सात.
आठवा आतच.
काढला, हँडल हलवलं,
आणि त्या भोकातून फुस्स करून हवा सुटली,
कोंडलेली, तेवढीच. कुंदा दचकली, मग हसली,
मग मीही.

दोन फेरे. रेघेवर रेघ.
सहा वाजले, पत्रा तापायला लागला.
सुरू उद्या करू, म्हटलं.
ट्रेमध्ये एक वायसर उरलाय.
तिने पाहिलाय. मीही.
दोघं चहा पितोय.