थिनर

पवन्याच्या शेडमध्ये माझं काम पुसायचं.
चिंधी, वाटीत थिनर,
डाव्या हाताला जुनी पाकिटं,
उजव्या हाताला तीच पाकिटं, नवी.
मधे मी.
मिनिटाला अकरा तारखा जातात,
हात बसला की बारा.

पाकिटावर नाचणीचं कणीस आहे,
डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई आहे, हसणारी,
आणि सोनेरी अक्षरांत: शंभर टक्के नाचणी, मैदा नाही.
मैदा मागच्या दाराने येतो, पन्नास किलोच्या गोणीत.
गोण्या मीच मोजून घेते.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीआधी गाडी आली.
अन्न-औषधवाल्या बाई, खरपडे मॅडम.
साध्या चपला, एकीचा अंगठा शिवलेला.
पाकीट त्यांनी उजेडात तिरकं धरलं
आणि तारखेवरून नख एकदाच ओढलं,
तव्याचं करपलेलं काढतात तसं.
खालून अर्धामुर्धा ऑगस्ट निघाला.
बाराच्या घाईतला असणार.

मालक बोलत होते.
मशीन बिघडलं, छपाई चुकली, मुलगी नवीन आहे.
मुलगी म्हणजे मी. त्रेपन्न वर्षांची.

मग मॅडमनी पाकिटं विकत घेतली.
हो, विकत. पर्स उघडून, नोटा मोजून, वर पावती मागून.
मालक म्हणाले, अहो राहू द्या, घरचंच आहे.
घरचं नको, त्या म्हणाल्या, छापील किमतीने द्या.
चार भाग केले. चार पिशव्या, दोरा, गाठी.
लाख वितळली तेव्हा
इतक्या महिन्यांत पहिल्यांदा
शेडमध्ये थिनरखेरीज कसला तरी वास आला.

साक्षीला कोणी मिळेना.
टेम्पोवाला म्हणाला, गाडी दुसऱ्याची आहे.
चहावाल्याला अचानक मराठी येईना.
मी करते सही, मी म्हणाले.
का म्हणाले ठाऊक नाही.
मालकांकडे माझा अकरा दिवसांचा पगार बाकी होता.

या शेडच्या जागी आमची खाचरं होती,
ते काही मी सांगितलं नाही.
भाताला तेव्हा तारीख नसायची.
आई चार दाणे दाताखाली फोडून सांगायची
जुना की नवा,
आणि ती खोटं बोलत नव्हती
कारण विकायचं कुठे होतं कोणाला.

पंचनाम्यावर माझं नाव त्यांच्या माणसाने द्वारका लिहिलं.
बारकी, मी म्हटलं. बारकी रामा मढवी.
तो वरूनच गिरवायला लागला.
मॅडमनी कागद ओढून घेतला,
द्वारकेवर एकच आडवी रेघ मारली,
खालचं वाचता येईल अशी,
शेजारी नीट लिहिलं बारकी,
आणि रेघेजवळ स्वतःची छोटी सही केली.
मी त्या रेघेकडे बघत राहिले.
तारीख टाका, त्या म्हणाल्या.
मी विचारलं, आजचीच ना?
मालक हसले. त्या नाही हसल्या.

रात्री नातवाने चहाबरोबर बिस्कीट मागितलं.
फळीवर एक पाकीट होतं,
दिवाळीला मालकांनी सगळ्यांना वाटलेलं.
ट्यूबलाइटखाली मी ते तिरकं धरलं,
नख लावलं.
वरची तारीख सुटली.
खाली काहीच नव्हतं, डाग नाही, ओरखडा नाही.
माझाच हात.
आजी दे ना, तो म्हणाला,
आणि मी पाकीट धरून उभीच.