बोनेटला हात

निनावे मिस्त्री म्हणाला, पहाटे पाचला जाऊ.
मे महिन्यात नागपुरात
नऊनंतर प्रत्येक बोनेट खोटं बोलतं.

म्हणून झिंगाबाई टाकळीत,
कूलरचे पंप अजून रात्रीचंच पाणी फिरवत असताना
आम्ही खोब्रागडे साहेबांच्या फाटकाशी.
आत जिप्सी. अठ्ठ्याण्णवची.
आता जो रंग आहे त्याला नाव नाही,
आरसी बुकात मात्र हिरवीच.

मिस्त्रीने नमस्कारही केला नाही.
सरळ बोनेटवर तळहात ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा,
आणि माझ्याकडे पाहिलं.
गरम.

"साहेब, चालू केली होती काय?"
"हाव," ते म्हणाले. "रोजच करतो."
पुढे काही नाही.
मिस्त्रीच्या हिशेबात याचा एकच अर्थ:
थंड इंजिन उठत नाही, म्हणून आधीच उठवून ठेवलं.

मग गोणपाट अंथरून तो खाली शिरला.
फुटक्या स्पीकरमधलं लोहचुंबक, फडक्यात बांधलेलं,
पत्र्यावरून चिकटत चिकटत गेलं
आणि डाव्या मागच्या चाकाच्या वर
हातातून निसटून पडलं.
"इथं गाडी नाही," खालून आवाज आला. "इथं पुट्टी आहे."
चासीवर हातोडी. टण. टण. टण. थप्.
तो थप् त्याने पुन्हा एकदा वाजवून मला ऐकवला.
ऑइलचं झाकण उघडून बोट फिरवलं, वास घेतला,
बोट पँटला पुसलं. म्हणजे ठीक.
पाच टायर, पाच कंपन्यांचे.
मॅट उचलली तर कोळसा,
सुरम्यासारखा बारीक, फुंकर मारली तरी न उडणारा.
उमरेडच्या खाणीत साहेब मोजणीला होते,
सोळा वर्षं खड्ड्यात उतरायचे आणि वर यायचे.
लिलावात निघाली तेव्हा त्यांनीच घेतली.

मी म्हटलं, मला पारशिवनीच्या पलीकडे जायचं असतं,
नाल्यात रस्ता संपतो तिथे
माझ्या चाळीस मधपेट्या आहेत.
साहेबांनी फक्त विचारलं, "नाल्यात वाळू की चिखल?"
"चिखल."
त्यांनी मान हलवली, गाडीकडे पाहून.

तेवढ्यात आतून बाई बोलल्या, जाळीच्या दारामागून:
"पाच वाजता बसतात तिच्यात.
कुठं जात नाहीत. दहा मिनिटं चालू ठेवतात,
बंद करतात, मग चहा मागतात."

साहेब फाटकाची कडी पाहू लागले.
मिस्त्री गोणपाट झटकत राहिला, गरजेपेक्षा जास्त वेळ.
मग म्हणाला, "उद्या नका बसू, साहेब. एकच दिवस."
"एक दिवस," ते म्हणाले,
डॉक्टरने मीठ सोडायला सांगितल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी बोनेट माठासारखं गार.
साहेब ओट्यावर, आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून.
पहिली किल्ली: नुसती खाकरली.
दुसरी. तिसरी. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं नाही.
चौथीला निळा धूर, थोडासा, आणि मग
मी डोळे मिटून कान लावला,
पेटीला लावते तसा.
आत राणी आहे की नाही ते गुणगुणण्यावरूनच कळतं.
होती. म्हातारी, पण होती.

मिस्त्री पैशांचं बोलायला लागला, पुट्टीचे इतके, टायरचे इतके,
तर साहेबच मध्ये बोलले:
"एक तुम्ही पाह्यलंच नाही.
लोमध्ये टाकली का दांडी सुटते. चढावर तर सुटतेच.
गुडघ्यानं दाबून धरावी लागते. डाव्या."
पायजम्यावरून बांधलेला पट्टा मला तेव्हा दिसला.
"त्याचे सहा हजार कमी करा," ते म्हणाले,
"नाही तर आठ."

चहा झाला, पुन्हा चहा झाला. कागदांना स्टेपलर सापडेना.
बाईंनी मॅट धुऊन आणली,
ती ओलीच, पुन्हा टाकली आत.
सौदा संपेस्तोवर नऊ वाजून गेले होते.

मी गिअर टाकला तेव्हा
साहेबांनी बोनेटवर हात टेकला
आणि लगेच उचलला.
ऊन होतं.