दम

हर्णैच्या बंदरावर माझा आवाज
कर्णा न लावता शेवटच्या होडीपर्यंत पोचतो.
वीस वर्षं तोच विकतोय.
पाचशे, साडेपाचशे, सहाशे एकवार,
ओल्या वाळूत टोपल्यांची रांग,
सुरमईच्या डोळ्यात अजून पाणी,
आणि मी सांगणार कोण केवढ्याला.

तोच आवाज घेऊन गेलो
आंजर्ल्याच्या शाळेच्या मैदानावर, कबड्डीला.
हर्षाली चढाईला निघाली
की मी तिच्या पायात.
डावा कोपरा! अगं डावा! बोनस घे!
पंच झोपला काय!
आणि बुरोंडीच्या ज्या उंच पोरीने
तिचा घोटा धरला
तिला जे बोललो ते इथे लिहीत नाही.
तिचा बाप शेजारीच उभा होता.
मुकादम. माझ्याकडूनच बांगडा उचलतो तो.
त्याने नुसती मान वळवली, सुरूच्या झाडांकडे.
शिवीपेक्षा ते लागलं,
पण तेव्हा नाही.

रात्री कालवणाला हात न लावता
पोर म्हणाली,
तू ओरडतोस ना बाबा, तेव्हा वाटतं
मी टोपलीत आहे.

बायको काही बोलली नाही.
न मागता माझ्या ताटात भात वाढला.

पुढचा सामना दापोलीला.
चोगले बाईंना म्हटलं, काहीतरी काम द्या,
हाताला. तोंडाला नको.
त्यांनी फक्कीचं घमेलं दिलं.
दोरी धरून, वाकून, मी रेषा मारल्या.
पोरींच्या पायांनी पुसल्या की परत मारल्या.
मधल्या वेळात लिंबूपाणी, आपल्या पोरींना
आणि समोरच्याही,
त्यांची बादली गळत होती म्हणून.

मागे कोणीतरी बाप ओरडत होता,
खेच! अगं खेच तिला!
माझ्याच आवाजाचा सख्खा भाऊ.
त्याला काही सांगायला गेलो नाही.
मी ऐकलं असतं काय?

शेवटची चढाई हर्षालीची.
कबड्डी कबड्डी कबड्डी
इतके सामने बघितले, आणि कधी डोक्यात आलं नाही
की हा शब्द तिने एकटीने म्हणायचाय,
एका दमात,
आणि तिला तो स्वतःला ऐकू यायला हवा.
मीही श्वास धरला.
ती कोपऱ्यात गेली, फिरली,
माझ्या छातीत कळ,
डोळ्यांपुढे चिलटं,
आणि माझा दम सुटला.
तिचा चालूच होता.
एक गडी मारून ती मध्यरेषेवर येऊन पडली,
कोपरापर्यंत पांढरी
माझ्या फक्कीने.

तरी दोन गुण कमी पडले.

दुसऱ्या दिवशी चारला होड्या लागल्या.
मुकादम म्हणाला,
आज गळा बसलेला नाही तुझा.
काल मॅच नव्हती काय पोरीची?
होती.
मग?
दोन गुणांनी गेली.
त्याने मान हलवली.
मी टोपलीवरच्या माशा वारत राहिलो,
उगाच, बराच वेळ.
मग विचारलं, तुझ्या मुलीचं नाव काय रे?
अल्फिया, म्हणाला. का?
चांगली पकड करते, म्हटलं.
तो काही बोलला नाही.
बांगड्याची टोपली पुढे ओढली
आणि मी बोली सुरू केली,
रोजच्यापेक्षा थोडी खालून.