गॅलनमागे सत्तावीस

आर्विड पेट्रोलपंप तपासतो. सरकारी नोकरी.
पाच गॅलनचं पोलादी माप घेऊन मिनेसोटाभर हिंडतो,
मापाच्या मानेवर बारीक रेघा,
पेट्रोल रेघेला टेकलं की पंपाला शिक्का.
एकोणीस वर्षांत लबाड पंप त्याला एकच भेटला,
तोही चुकून गिऱ्हाइकाच्या बाजूने.

म्हणून आमच्या एसयूव्हीने
काचेवरच्या कागदाला खोटं पाडलं
तेव्हा त्याने पंपाला बोल लावला नाही.
कागद म्हणत होता, गॅलनमागे सत्तावीस मैल.
वही म्हणाली, एकवीस पूर्णांक चार.

वही डॅशबोर्डच्या कप्प्यात असते.
तारीख, मैल, गॅलन,
आणि कडेला एक अरुंद रकाना: कारण.

जानेवारी. सोळा पूर्णांक आठ. उणे एकोणतीस.
गाडी वीस मिनिटं दारात घुरघुरत ठेवली. लॉर्नाचे पाय गार पडतात.
(लॉर्ना म्हणजे मी. माझे पाय असे दप्तरी दाखल झाले.)
मार्च. अठरा.
टोबियासची हॉकीची बॅग, त्याचे तीन मित्र, त्यांचा वास. सगळ्या काचा उघड्या.
जून. एकोणीस. छतावर होडी, वारा समोरून.
ऑगस्ट. सतरा. ब्रिटा गाडी शिकते.
ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, दोन्हींवर तिची सारखीच माया.

शिवाय आमचं डुलुथ टेकडीच्या अंगावर टांगलेलं.
सरोवराकडे उतरताना गाडी जणू उपाशी,
घरी चढताना मागचं-पुढचं सगळं वसूल करते.

मी एकदा म्हटलं, अरे, कागद खोटं नाही बोलत.
तो दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय.
बंद खोलीत, फिरत्या रुळांवर
एकटाच माणूस गाडी चालवतो,
वारा नाही, चढ नाही,
मागून कुणी विचारत नाही, अजून किती लांब,
कुणाला अर्ध्या वाटेत आठवत नाही
की स्केट्स घरीच राहिले.
आर्विड हसला नाही. त्याने टायरची हवा तपासली.

मग ब्रिटा टूसॉनला गेली, तिथे पाय गार पडत नाहीत.
टोबियास अलास्कात, मासेमारीच्या बोटीवर.
होडी शेजाऱ्यांना दिली. छतावरचे दांडे तेवढे राहिले.
रिकामे दांडे दीड मैल खातात, हे आर्विडने मोजलंय.
कारणाच्या रकान्यात चौदा वेळा लिहिलंय: दांडे.
पंधराव्यांदा लिहायच्या ऐवजी
एका रविवारी पाना घेऊन छतावर वाकला.
गंजलेला एक बोल्ट सुटेना, त्याला शिव्या दिल्या, फिनिशमध्ये,
ज्या त्याला तेवढ्याच येतात.
दांड्यांच्या पायांखाली रंग कोरा निघाला,
शोरूममधल्यासारखे चार चौकोन.

सप्टेंबरात त्याच्या बहिणीकडे बेमिजीला निघालो.
सपाट रस्ता, वारा पडलेला, ताशी पंचावन्न.
दोघंच. मागच्या सीटवर सफरचंदांचा केक,
जो काहीच मागत नाही.
वाटेतल्या पंपावर टाकी भरली.
त्याने पावतीच्या पाठीवर भागाकार केला.
परत केला.
सत्तावीस पूर्णांक एक.

मला वाटलं, आता तरी हसेल.
तो खाली उतरला आणि पंपाकडे बघत राहिला.
म्हणाला, या पंपात गडबड आहे. कमी ओततोय.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

पंपाभोवती फिरून तो शिक्का शोधू लागला.
मीही उतरले. शिक्का नळीच्या मागे होता,
मे महिन्याचा,
आणि खाली ती चिरपरिचित, उजवीकडे कललेली सही:
आ. कांगास.

वहीत आकडा लिहिला. कारणाच्या रकान्यापाशी
पेन थोडं थांबलं, मग त्याने टोपण लावलं.

पुढच्या रस्त्याला लागल्यावर
मी चारही काचा खाली केल्या.
केकवरचा कागद फडफडायला लागला.
वाऱ्याने किती मैल खाल्ले
हे त्याला नक्की माहीत होतं.
तो काही बोलला नाही.